जंतांच्या अँटिबॉडीसाठी एलायझा: नमुना घेण्यापासून रिपोर्ट लिहिण्यापर्यंत

आतड्यात राहणाऱ्या गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी यांच्यासाठी रक्तातल्या अँटिबॉडी तपासण्याची गरज नसते. त्यांची अंडी शौचात पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. तिथे शौचाची तपासणी स्वस्त आहे, सरळ आहे आणि जास्त खात्रीची आहे. जंत किंवा त्याची अळी आतड्याबाहेर, म्हणजे यकृतात, मेंदूत, फुप्फुसात, स्नायूत किंवा डोळ्यात जाऊन बसली की रक्ताची तपासणी कामाला येते. तिथून अंडी बाहेर पडत नाहीत आणि सुई घालून पाहणेही बहुधा धोक्याचे असते. यकृतातल्या हायडॅटिड गाठीत (जंताच्या अळीची पाण्याने भरलेली गाठ) आंधळेपणाने सुई घातली आणि आतले पाणी सांडले, तर रुग्णाला अ‍ॅनाफिलॅक्सिसचा (जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीचा) झटका येऊ शकतो. शिवाय त्या पाण्यातून पोटात नव्या गाठीही रुजतात.

हे मार्गदर्शन तालुका आणि जिल्हा पातळीवर तयार किट वापरून एलायझा (रक्तातल्या अँटिबॉडी रंगाच्या तीव्रतेवरून मोजण्याची चाचणी) करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आहे. चाचणीची कृती अवघड नाही. मात्र चुकीचा रिपोर्ट जातो तो बहुतेक वेळा तीन जागी: चाचणी कोणती करायची हे ठरवताना, प्लेट (चाचणीची खळग्यांची ताटली) धुताना आणि आलेल्या आकड्याचा अर्थ लावताना.

आधी प्रश्न नक्की करा

‘जंतांची रक्ततपासणी’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी आली तर नमुना लावण्याआधी डॉक्टरांना फोन करा. प्रत्येक जंताचा अँटिजेन (ज्याला अँटिबॉडी चिकटते तो जंताचा भाग) वेगळा, म्हणून किटही वेगळे.

यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ दिसली असेल तर हायडॅटिड, म्हणजे एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. मेंढ्या आणि कुत्री एकत्र असलेल्या ठिकाणी या जंताचे चक्र चालते. म्हणून रुग्ण मेंढपाळ आहे का, कत्तलीनंतरची आतडी-काळीज कुत्र्यांना घातली जातात का, हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

नव्याने फिट येऊ लागली आणि मेंदूच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये गाठ दिसली तर न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूतली पट्टकृमीच्या अळीची गाठ. ‘आम्ही माळकरी, डुकराचे मांस कधी खाल्ले नाही’ असे रुग्णाने सांगितले म्हणून ही शक्यता बाद करू नका. मांसातून होतो तो आतड्यातला पट्टकृमी. मेंदूतली गाठ होते ती पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हाताने, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून पोटात गेल्यामुळे. शाकाहारी घरातही ती होते.

इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले, अंगावर खाज किंवा पोटाच्या जुन्या तक्रारी, आणि आता रुग्णाला स्टेरॉइड द्यायचे आहे किंवा त्याच्यावर अवयवरोपण होणार आहे, अशा वेळी स्ट्राँगिलॉइडिस तपासा. हा जंत माणसाच्या शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत दशकानुदशके राहतो. शौचात त्याच्या अळ्या इतक्या तुरळक असतात की एका नमुन्यात त्या सहज निसटतात. स्टेरॉइडमुळे तो एकदम अंगभर पसरला तर जीव जातो. न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या उपचारातही सूज उतरवायला स्टेरॉइड देतात. त्यामुळे एकाच रुग्णाच्या या दोन तपासण्या एकत्र मागितल्या गेल्या तर त्यात आश्चर्य नाही. उलट ते डॉक्टरांच्या सावधपणाचे लक्षण आहे.

कुत्र्याच्या पिल्लांशी आणि मातीशी खेळणाऱ्या मुलाचे इओसिनोफिल वाढले, यकृत सुजले किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर टॉक्सोकारा, म्हणजे कुत्र्याचा गोलकृमी. फक्त डोळ्यात अळी असेल तर रक्तातली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, हे रिपोर्टमध्ये लिहा.

हत्तीरोगाची गोष्ट वेगळी. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत फायलेरिया आहे. तिथे बहुतेक लोकांना डास चावून अळ्यांचा संपर्क आलेला असतो, त्यामुळे साधी अँटिबॉडी पॉझिटिव्ह येण्याला निदानात फारसा अर्थ उरत नाही. आजचा संसर्ग दाखवते ती रक्तातल्या अँटिजेनची पट्टी: ७५ मायक्रोलिटर रक्त आणि बरोबर १० मिनिटांनी वाचन. उशिरा वाचली तर खोटी पॉझिटिव्ह दिसते. अँटिजेन दिवसा घेतलेल्या रक्तातही सापडतो. मायक्रोफायलेरिया (रक्तात फिरणाऱ्या बारीक अळ्या) पाहायच्या असतील तर मात्र रक्त रात्री १० ते २ च्या दरम्यान घ्यावे लागते. पाय सुजून वर्षे लोटली असतील तर जंत मेलेले असतात आणि दोन्ही चाचण्या निगेटिव्ह येऊ शकतात. फायलेरियाच्या अँटिबॉडीला खरे महत्त्व आहे ते ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलियात. रात्रीचा खोकला, दम, दर मायक्रोलिटरमागे ३,००० च्या वर इओसिनोफिल, अँटिबॉडी खूप जास्त आणि रक्तात मायक्रोफायलेरिया नाहीत, असे ते चित्र असते.

शिस्टोसोमा (गोड्या पाण्यातून कातडीवाटे शिरणारा जंत) आपल्याकडे क्वचितच लागतो, तरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीवाटे रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमियासिसची नोंद १९५२ साली झाली होती. आज हा प्रश्न येतो तो मुख्यतः आफ्रिकेत काम करून परतलेल्यांच्या बाबतीत. तलावात किंवा नदीत उतरल्यावर सहा ते बारा आठवडे उलटायच्या आत चाचणी केली तर ती निगेटिव्ह येण्याची शक्यता मोठी.

चिठ्ठीवर आणखी चार गोष्टी हव्यातच: स्कॅनमध्ये काय दिसले, इओसिनोफिल किती, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत का, आणि गेल्या काही महिन्यांत रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवले आहे का. शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. दात्याच्या अँटिबॉडी रुग्णाच्या म्हणून मोजल्या जातात आणि खोटी पॉझिटिव्ह येते.

नमुना

उपाशीपोटी येण्याची गरज नाही. फक्त जेवणानंतर लगेच घेतलेले सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारे पाणी) दुधासारखे गढूळ असू शकते, तेवढे टाळा. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत ३ ते ५ मिली रक्त घ्या. खोलीच्या तापमानाला नळी उभी ठेवून ३० मिनिटे पूर्ण गोठू द्या. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील तर जास्त वेळ लागतो. अर्धवट गोठलेले रक्त फिरवले तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात. ते पिपेटच्या टिपेत अडकतात, वेलच्या (प्लेटमधल्या खळग्याच्या) भिंतीला चिकटतात आणि धुतल्यावरही रंग धरून ठेवतात. सेंट्रिफ्यूजवर १,५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट) इतक्या बलाने १० मिनिटे फिरवा. ‘३,००० आरपीएम’ (मिनिटाला फेरे) म्हणजे किती जी, हे रोटरच्या त्रिज्येनुसार बदलते, म्हणून आपल्या मशीनचा हिशेब एकदा करून भिंतीवर लावा.

सीरम वेगळ्या नळीत काढा. २ ते ८ अंश सेल्सियसला ते साधारण पाच दिवस टिकते. त्याहून जास्त ठेवायचे तर उणे २० अंशाला, आणि छोट्या भागांत विभागून, म्हणजे पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे होत नाही. गोठवलेला नमुना वितळल्यावर हलक्या हाताने उलटसुलट करून मिसळा. वितळताना प्रथिने तळाशी बसतात आणि वरचाच थर घेतला तर अँटिबॉडी कमी मोजल्या जातात. फार लाल झालेले, गढूळ किंवा जंतुसंसर्ग झालेले सीरम नाकारा. ५६ अंशाला गरम करून ‘निष्क्रिय’ केलेला नमुनाही लावू नका. त्याने नको त्या अँटिबॉडीही वेलला चिकटतात.

चाचणी कशी चालते

एंगवॉल आणि पेर्लमान यांनी १९७१ साली मांडलेली एलायझाची पद्धत आजही तत्त्वतः तीच आहे. वेलच्या तळाला जंताचा अँटिजेन चिकटवलेला असतो. सीरममधली आयजीजी अँटिबॉडी त्याला चिकटते. मग एचआरपी हे एन्झाइम जोडलेला कॉन्जुगेट त्या अँटिबॉडीवर बसतो. शेवटी टीएमबी (रंग देणारे द्रावण) घातला की एन्झाइम त्याचा निळा रंग करते आणि आम्ल घातल्यावर तो पिवळा होतो. मध्ये जे चिकटलेले नाही ते धुऊन गेलेच पाहिजे. सगळी चाचणी या एका अटीवर उभी आहे.

पुढचे आकडे बऱ्याच किटमध्ये सारखे असतात, पण तुमच्या किटच्या माहितीपत्रकात वेगळे असेल तर तेच पाळा. दोन किटची द्रावणे एकमेकांत वापरू नका. एकाच कंपनीचे वेगळे लॉटही (उत्पादनाच्या तुकड्या) मिसळू नका.

किट फ्रिजमधून काढल्यावर निदान ३० ते ६० मिनिटे बाहेर राहू द्या. स्ट्रिपची पिशवी ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा. कोकणात, किंवा पावसाळ्यात कुठेही, थंड पिशवी फोडली की वेलमध्ये दव धरते आणि अँटिजेन खराब होतो. उरलेल्या स्ट्रिप ओल शोषणाऱ्या पुडीसकट लगेच बंद करा. माहितीपत्रकातले ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यातल्या चंद्रपूरची खोली म्हणजे रूम टेंपरेचर नव्हे. तिथे एसीशिवाय चाचणी लावली तर सगळे ओडी (रीडरने मोजलेली रंगाची तीव्रता) वर सरकतात आणि निगेटिव्ह कंट्रोलही (निकाल आधीच माहीत असलेला नमुना) मर्यादेबाहेर जातो.

धुण्याचे द्रावण बहुधा २० पट दाट येते. ५० मिली घेऊन ९५० मिली डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. बाटलीत खडे दिसले तर ३७ अंशाला कोमट करून पूर्ण विरघळवा, मगच मोजा. खड्यांवरचे पाणी ओतून घेतले तर मिठाचे प्रमाण चुकते. आरओ किंवा नळाचे पाणी चालणार नाही. धुण्याच्या द्रावणात सोडियम अझाइडही नको, तो एचआरपीला मारतो.

सीरम पातळ करणे: किटला १:१०० हवे असेल तर १० मायक्रोलिटर सीरम १ मिली द्रावणात. १:६४ हवे असेल तर ५ मायक्रोलिटर सीरम ३१५ मायक्रोलिटर द्रावणात. एवढ्या छोट्या मापाला टिपेच्या बाहेर लागलेला थेंबही मोठी चूक करतो. टिप सीरमच्या पृष्ठभागाखाली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बुडवा, बाहेरचा थेंब पुसा, द्रावणात सोडा आणि त्याच टिपेने दोन-तीनदा वर-खाली करा. प्रत्येक नमुन्याला नवी टिप. अ‍ॅलर्जी किंवा संधिवाताच्या किटचे पातळ करणारे द्रावण दिसायला सारखेच असते, पण ते इथे घालू नका.

प्लेटचा नकाशा आधी कागदावर काढा. पहिली वेल ब्लँक, मग एक निगेटिव्ह कंट्रोल, दोन कट-ऑफ कंट्रोल (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा दाखवणारे), एक पॉझिटिव्ह, आणि मग रुग्ण. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर घाला, ब्लँक मोकळी ठेवा. प्लेट झाकून ३७ अंशाला एक तास ठेवा. काही जलद किटमध्ये हा टप्पा खोलीच्या तापमानाला १० मिनिटांत उरकतो.

मग धुणे. वेल उलटी करून झटका, ३०० मायक्रोलिटर द्रावण भरा, काही सेकंद थांबा, पुन्हा झटका. असे तीन ते पाच वेळा. शेवटी प्लेट उलटी करून शोषक कागदावर जोराने आपटा. वेल काठापर्यंत भरली नाही तर वरच्या कडेला कॉन्जुगेट अडकून राहतो. शेजारच्या वेलमध्ये पाणी सांडले तर पॉझिटिव्ह नमुन्याच्या बाजूचा रुग्ण खोटा पॉझिटिव्ह ठरतो. एकामागे एक दोन वेल भडक पिवळ्या आणि दुसऱ्या रुग्णाचे स्कॅन स्वच्छ, असे दिसले की आधी याचाच संशय घ्या. धुण्याचे मशीन असेल तर रोज सकाळी त्याच्या सुया मोकळ्या आहेत का पाहा. एक सुई तुंबली की एक अख्खी ओळ बिघडते. धुऊन झाल्यावर वेल कोरड्या पडू देऊ नका, पुढचे द्रावण तयार असल्याशिवाय धुवायला घेऊच नका.

कॉन्जुगेट १०० मायक्रोलिटर, ३० मिनिटे (जलद किटमध्ये कमी), मग पुन्हा धुणे. हे धुणे पहिल्यापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण उरलेला प्रत्येक थेंब रंग देणार.

टीएमबी १०० मायक्रोलिटर, अंधारात १५ मिनिटे. टीएमबी लागेल तेवढाच वेगळ्या स्वच्छ भांड्यात काढा आणि उरलेला बाटलीत परत ओतू नका. बाटलीत आधीच निळसर झाक असेल तर ती फेकून द्या. कॉन्जुगेटची टिप टीएमबीला लागली तरी हेच होते. त्याच टेबलावर हायपोक्लोराइटने (ब्लीचने) नुकतेच पुसले असेल तर त्याच्या वाफेनेही रंग चढतो. मग ०.२ मोलर गंधकाम्लाचे १०० मायक्रोलिटर, त्याच क्रमाने आणि त्याच गतीने ज्याने टीएमबी घातला. एक-एक वेल पिपेटने भरताना पहिल्या आणि शेवटच्या वेलमध्ये दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो. म्हणून नमुने जास्त असतील तर आठ टिपांचे पिपेट वापरा, नाहीतर दोन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीत कंट्रोल लावा.

३० मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरला वाचा, संदर्भ तरंगलांबी ६२० ते ६५०. त्याआधी वेलचा तळ पुसा आणि बुडबुडे फोडा. रीडर आणि इनक्युबेटर यूपीएसवर हवेत. इनक्युबेशनच्या मध्ये वीज गेली आणि तापमान उतरले तर वेळ वाढवून भरपाई करू नका, ती फेरी रद्द करा.

टाकाऊबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरू नका: गंधकाम्ल असलेल्या वेल थेट हायपोक्लोराइटच्या बादलीत टाकल्या तर क्लोरीन वायू सुटतो. आम्लाचे द्रावण वेगळे गोळा करा.

आकडा काढणे

कंट्रोल बरोबर आले नाहीत तर रुग्णांचे आकडे पाहूच नका. साधारणतः ब्लँक ०.१ च्या खाली, निगेटिव्ह ०.२ च्या खाली, पॉझिटिव्ह कट-ऑफच्या वर हवा. दोन कट-ऑफ वेल ०.४४ आणि ०.४२ आल्या तर सरासरी ०.४३. ज्या किटमध्ये दहाच्या पटीत निर्देशांक काढतात तिथे रुग्णाचा ओडी गुणिले १० भागिले ०.४३. ओडी ०.५२ असेल तर १२.१, म्हणजे पॉझिटिव्ह. ११ च्या वर पॉझिटिव्ह, ९ च्या खाली निगेटिव्ह, मधले संदिग्ध. संदिग्ध नमुना त्याच दिवशी दोन वेलमध्ये पुन्हा लावा. तरीही मध्येच राहिला तर दोन ते चार आठवड्यांनी नवा नमुना मागा. मधल्या आकड्याला ‘सौम्य पॉझिटिव्ह’ म्हणून रिपोर्ट देऊ नका. असल्या शब्दावर कोणीतरी महिनाभर अल्बेंडाझोल हे जंतावरचे औषध घेते.

आकड्याचा अर्थ

समजा चाचणी १०० आजाऱ्यांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोगींपैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. ज्या गटात हजारात १० जणांना आजार आहे, तिथे ९ खरे पॉझिटिव्ह मिळतील आणि जवळपास ५० खोटे. म्हणजे हाती आलेल्या सहा पॉझिटिव्हमधला एकच खरा. तीच चाचणी स्कॅनवर गाठ दिसलेल्या, निम्म्यांना तरी आजार असेल अशा गटात लावली तर शंभर पॉझिटिव्हमधले ९५ खरे ठरतात. म्हणून हेल्थ पॅकेजमध्ये ‘जंत अँटिबॉडी’ घालणे चुकीचे आहे. त्यातून आजार कमी आणि घाबरलेली माणसे जास्त मिळतात.

खोट्या पॉझिटिव्हचे मोठे कारण म्हणजे जंतांचे आपसांतले साम्य. हायडॅटिड आणि सिस्टिसर्कोसिस एकमेकांच्या चाचण्या पॉझिटिव्ह करतात, फायलेरिया आणि स्ट्राँगिलॉइडिसही. अशा वेळी वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडी जंताच्या नेमक्या कोणत्या प्रथिनांना चिकटतात हे दाखवणारी चाचणी) मागवा. सिस्टिसर्कोसिससाठी शुद्ध ग्लायकोप्रोटीनवरचा ब्लॉट १९८९ मध्ये आला. दोन किंवा अधिक जिवंत गाठी असतील तर तो क्वचितच चुकतो. पण भारतात सर्वात जास्त दिसतो तो एकच गाठ असलेला रुग्ण, आणि तिथे ब्लॉटही बऱ्याचदा निगेटिव्ह येतो. एकच गाठ असलेल्या रुग्णाच्या निगेटिव्ह रिपोर्टवर ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस नाही’ असे लिहिणे म्हणजे सरळ चूक. कच्च्या (शुद्ध न केलेल्या) अँटिजेनवरची सीरम एलायझा तर या आजारासाठी टाळावी असे अमेरिकेतल्या संसर्गरोग आणि उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थांचे २०१७ चे मार्गदर्शन सांगते.

हायडॅटिडमध्ये यकृतातल्या गाठी बहुतेक वेळा पकडल्या जातात, फुप्फुसातल्या त्याहून बऱ्याच कमी. कवच शाबूत असलेली तरुण गाठ आणि चुना धरलेली जुनी गाठ, दोन्हींत अँटिजेन रक्तात फारसा गळत नाही, त्यामुळे अँटिबॉडी बनत नाहीत. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट पाहून गाठीत सुई घालायला कोणी पुढे सरसावू नये, ही ओळ रिपोर्टवर असावीच.

टिप्पणी अशी लिहिता येईल: ‘एकायनोकॉकस आयजीजी अँटिबॉडी: पॉझिटिव्ह, निर्देशांक १२.१ (निगेटिव्ह ९ च्या खाली). याचा अर्थ शरीराचा या जंताशी संपर्क आला आहे. संसर्ग सध्या चालू आहे की जुना, हे या चाचणीवरून ठरत नाही. इतर पट्टकृमींशी प्रतिक्रिया शक्य. सोनोग्राफी/सीटीसोबत पाहावे. निगेटिव्ह निकालाने हायडॅटिड गाठ नाकारता येत नाही.’ किटचे नाव, पद्धत आणि लॉट क्रमांक खाली द्या.

उपचारानंतर पुन्हा तपासणी

जंत मेला तरी आयजीजी लगेच उतरत नाही. हायडॅटिडच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अल्बेंडाझोल सुरू झाल्यावर अँटिजेन बाहेर पडल्यामुळे आकडा आधी वाढतोही, आणि मग वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत केलेल्या चाचणीवरून काहीच ठरवू नका. उतरलेला आकडा पुन्हा चढला तर मात्र स्कॅन मागा. स्ट्राँगिलॉइडिसमध्ये घसरण जास्त स्पष्ट असते. आयव्हरमेक्टिन या औषधानंतर सहा महिन्यांनी ओडी आधीच्या ०.६ पटीच्या खाली आला तर उपचार लागू पडला असे मानतात. ही तुलना खरी ठरायची तर आधीचे सीरम उणे २० अंशाला जपून ठेवा आणि जुना-नवा दोन्ही नमुने एकाच प्लेटवर, शेजारशेजारच्या वेलमध्ये लावा. वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या लॉटचे ओडी भागून काढलेले गुणोत्तर रिपोर्टमध्ये देऊ नका.